पाच मुठी जोंधळ्याचं लेकरू

शिवशंकर कऱ्हाळेच्या जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव संतराम आणि आईचं नाव भिकाबाई असं निघालं, तेव्हा ग्रामपंचायतीत बसलेल्या चौघांनी आधी दाखल्याकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे. शिरड शहापुरात भिकाबाई म्हटलं की एकच, तांड्यावरच्या रूपसिंगची बायको. संतराम वारून तीन वर्षं झाली होती, म्हणून तिथल्या तिथं कुणी बोललं नाही. मेलेल्या माणसाची थट्टा करायला आमच्याकडे निदान फाट्यावरच्या हॉटेलापर्यंत तरी चालत जातात.

शिवशंकरला मात्र हसू आलं नाही. नांदेडला नर्सिंग शिकलेला, दीड वर्ष पुण्यात राहून जर्मन भाषा घोटलेला हा पोरगा. जर्मनीतल्या एका दवाखान्यानं त्याला 'ये' म्हणून कळवलं होतं. पासपोर्टवर त्याच्या आईचं नाव मंजुळाबाई होतं, कारण रेशन कार्डावर तेच होतं. जन्माचा दाखला आजवर कधी लागलाच नव्हता, शाळेच्या टीसीवर सगळं भागलं होतं. आता एजन्सीवाल्या बाईनं फोनवर साफ सांगितलं की दोन कागदांवर दोन आया चालणार नाहीत. व्हिसाची तारीख सव्वा महिन्यावर आली होती. ती हुकली की दवाखाना दुसरा माणूस बघणार.

मंजुळाबाई अंगणात उकडलेली हळद पसरत होती. त्यानं दाखला तिच्यासमोर धरला.

"वैनी, हे काय हाय?"

वैनी म्हणजे त्याची जन्मदाती आई. बोलता यायला लागल्यापासून तो तिला वैनी म्हणत आला होता, आणि तांड्यावरच्या भिकाबाईला याडी. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. गावात कुणालाच त्याचं नवल नव्हतं.

मंजुळाबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं दाखला वाचला, पुन्हा वाचला, आणि हळदीचे हात पदराला पुसले.

"बराबर हाय की ते."

"कायचं बराबर?"

"जे लिव्हलं ते. पासपोटावरचं बदलून घे तू. तिथं बी भिकाबाई लिव्ह."

शिवशंकर तिच्याकडे बघतच राहिला. सख्खी आई स्वतःचं नाव खोडून दुसरीचं लिहायला सांगते आहे, हे त्याच्या डोक्यात शिरेना. पण त्याला विकलं होतं ही गोष्ट त्यानं लहानपणी हजारदा ऐकली होती. ती कागदावरही उतरली आहे हे मात्र आज कळलं.

गोष्ट अशी. शिवशंकरच्या आधी मंजुळाबाईला तीन लेकरं झाली. पहिली पोरगी नवव्या दिवशी गेली. दुसरा मुन्ना, तेरा महिन्यांचा होऊन पावलं टाकायला लागला आणि एका तापात गेला. तिसरा पाचव्याच दिवशी. तिघांनाही दवाखान्यात नेलं होतं, तिघांची कारणं डॉक्टरांनी वेगवेगळी सांगितली. मंजुळाबाईला कारण एकच दिसत होतं. ती तिची होती.

चौथ्याला सासूनं वाट बघितली नाही. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं पुढचं सगळं लिहून जाते. सटवाई ही आमच्याकडची सगळ्यात जुनी कारकून. तिच्या दप्तरात खाडाखोड होत नाही, दुरुस्तीचा अर्ज घेत नाहीत, आणि चिरीमिरीही चालत नाही. तेव्हा तिनं लिहायच्या आतच लेकराचं घर बदलायला हवं होतं. भिकाबाईची सहाच्या सहा लेकरं जिवंत होती. चौथ्या दिवशी सासूनं पोराला सुपात घातलं, दारात आणलं आणि म्हणाली, "घे बाई, आमाला नको झालंय." भिकाबाईनं मंजुळाबाईच्या ओटीत पाच मुठी जोंधळा टाकला, सूप उचललं आणि तांड्यावर निघून गेली. पाचवी तांड्यावर पुजली. सहाव्या दिवशी भिकाबाई पोराला घेऊन परत आली आणि चारचौघांत म्हणाली, "माझं लेकरू हाय. दूध पाजा, सांभाळा. मी येऊन बघत जाईन."

तेव्हापासून अटी लागल्या. पोराला माझं म्हणायचं नाही, त्याच्याकडून आई म्हणवून घ्यायचं नाही. अंगावरचं पहिलं कापड दर साली भिकाबाईनं आणायचं. त्याच्या लग्नात, बाशिंग बांधायच्या आधी, पाच मुठी जोंधळा परत देऊन त्याला सोडवून घ्यायचं. तोवर तो दुसऱ्याचा. मरण दारात आलं आणि विचारलं, तर या घरात मंजुळाबाईचं कुणी नाही.

आणि महिन्याभरानं कोतवाल जन्माची नोंद करायला आला, तेव्हा संतरामनं फार विचार केला. सटवाईच्या दप्तरात एक आणि सरकारच्या दप्तरात दुसरंच, असं कसं चालेल? त्यानं सांगितलं, आईचं नाव भिकाबाई. कोतवालानं लिहिलं. संतराम आयुष्यात फारसं कधी डोकं चालवत नसे; चालवलं ते हे असं.

तीन दिवस घरात धुसफूस चालली. दाखल्यावरचं नाव बदलायला मंजुळाबाईचं शपथपत्र लागत होतं, आणि ती सही करायला तयार नव्हती.

"पासपोर्ट बदलून यायला वेळ लागते, वैनी. तारीख जाईल."

"जाऊ दे तारीख. हितं काय नोकऱ्या न्हाईत?"

"काहून असं करून राहिली तू? सव्वीस वर्षं झाली. मला काय झालं?"

"म्हणूनच काही झालं न्हाई," ती म्हणाली.

शिवशंकर जेवता जेवता थांबला. मग ताट बाजूला सारून शांतपणे म्हणाला, "हे बघ. तिकडं मला काही झालं, तर कागदावर जी आई असंल तिलाच कळवतात. मला पेटीत घालून तांड्यावर धाडतील. तुला पोस्टातलं पत्र बी येणार न्हाई."

त्याला फक्त तिची समजूत घालायची होती. पण मंजुळाबाईला त्यात दुसरंच ऐकू आलं. लेकरानं स्वतःच्या तोंडानं स्वतःचं मरण उच्चारलं होतं, आणि तेही जेवणाच्या ताटावर. अभद्र टळावं म्हणून तिनं पटकन धान्याच्या कणगीला हात लावला, पण बोललेलं परत जात नसतं हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती तांड्यावर गेली. भिकाबाई आता सत्तरीची, एका डोळ्यानं अधू, दारात बसून नातवाच्या सदऱ्याचं बटण लावत होती. मंजुळाबाईनं सगळं सांगितलं. भिकाबाईनं दोरा दातानं तोडला.

"बाशिंगाच्या दिसी सोडवायचं ठरलं व्हतं."

"व्हय. पण तो थांबत न्हाई."

"माझा बी अंगठा लागंल म्हणती?"

"तू लिहून द्यायचं, का हे लेकरू माझं न्हाई."

भिकाबाईनं सुई सदऱ्यात खोचून ठेवली. मग म्हणाली, "एक ध्यानात ठेव, मंजुळा. आदी तू घे, मंग मी सोडते. म्या आदी सोडलं आन् तुज्या हातात यायला उशीर झाला, तर मधात ते कुणाचंच न्हाई राहात. आन् कुणाचंच नसलेलं लेकरू उचलायला कुणाला इचारावं लागत न्हाई."

मंजुळाबाई घरी आली ती हाच एक क्रम मनात घोकत. आधी मी, मग ती. शिवशंकरला तिनं सांगितलं, सही करते, पण पहिली माझी. तो इतका खूश झाला की त्यानं कारणही विचारलं नाही.

सोमवारी तिघं औंढ्याला तहसीलला गेले. फाटकाबाहेर अमृतराव अर्जनवीस टेबल टाकून बसतात. लोकांच्या वतीनं शपथा लिहिण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली आहेत. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मंजुळाबाईला विचारलं, "बाई, एकूण अपत्यं किती?"

"चार."

"नावं सांगा. क्रमानं."

"पहिलीचं नाव ठेवलं न्हवतं. दुसरा मुन्ना. तिसऱ्याचं बी न्हवतं."

"चौथा?"

ती पदराच्या गाठीशी चाळा करू लागली. शिवशंकरनंच नाव सांगितलं. अमृतरावांनी एकाखाली एक ओळी ओढल्या. एक, मयत. दोन, मयत. तीन, मयत. चार, शिवशंकर, हयात. मंजुळाबाईला ती यादी बघवेना. सव्वीस वर्षं ज्या रांगेतून तिनं पोराला लांब ठेवलं होतं, त्याच रांगेत आज त्याला शेवटी नेऊन उभं केलं होतं.

आत नायब तहसीलदार मॅडमच्या टेबलापाशी कारकुनानं दोन्ही कागद घेतले. मंजुळाबाईचा कागद चाळून त्यानं बाजूला ठेवला.

"नवरा मयत लिव्हलंय. मृत्यूचा दाखला कुठं हाय?"

दाखला घरी होता. घर शिरडला.

"मग हे नंतर. भिकाबाई कोण? तुमचा पूर्ण हाय, या पुढं."

"न्हाई साहेब," मंजुळाबाई मधे घुसली. "आदी माझा घ्या."

"तुमचा कसा घेऊ बाई? कागद अपुरा हाय ना."

"मंग तिचा बी राहू द्या. दोनी संगंच घ्या."

कारकुनाच्या कपाळाला आठ्या पडल्या. मॅडमनी घड्याळ बघितलं. त्यांना कलेक्टर साहेबांच्या व्हीसीला, म्हणजे पडद्यावरच्या बैठकीला, बसायचं होतं. भिकाबाई अंगठा पदरात लपवून उभी होती. आणि घाई केली ती शिवशंकरनं. सव्वा महिन्यातले बारा दिवस संपले होते.

"याडी, लाव की. मॅडम उठून राहिल्या. मी लगीच जाऊन दाखला आणतो."

भिकाबाईनं मंजुळाबाईकडे बघितलं. मंजुळाबाईनं मान हलवली, नको म्हणून. पण पोरानं म्हातारीचा हात धरून निळ्या पॅडवर टेकवला, आणि सव्वीस वर्षं त्याचं काहीही मागणं न मोडलेल्या त्या बाईनं कागदावर अंगठा उठवला. कारकुनानं वाचून दाखवलं, "शिवशंकर हा माझा मुलगा नाही." ती हळू आवाजात म्हणाली, "न्हाई."

मॅडम व्हीसीला गेल्या. शिवशंकर मोटरसायकलची किल्ली काढत बाहेर पडला. मंजुळाबाईनं फाटकाशी त्याचा दंड धरला.

"नको जाऊ. उद्या आणू."

"उद्या मॅडम दौऱ्यावर हाईत. तासाभरात जाऊन येतो."

"शिवा, आता तू कुणाचाच न्हाईस. ऐक माझं. हितंच बस."

तो हसला. "वैनी, मंग तर बेसच झालं. कुणाची परमिशन घ्यायची गरज न्हाई." आणि त्यानं किक मारली.

साडेबारा वाजले होते. तहसीलच्या आवारातल्या लिंबाखाली दोघी बसल्या. मंजुळाबाईचा जीव टांगणीला लागला होता. भिकाबाईच्या निळ्या अंगठ्यावरून तिची नजर हटत नव्हती.

"तू तोंडानं म्हण, भिके. तो येईस्तर म्हण, का माझंच हाय."

"म्हणलं असतं गं. पण आताच म्या साहेबासमोर न्हाई म्हणून बसले. दोन तोंडानं बोललेलं कोण मानंल?"

"मंग मी म्हणते."

"तू म्हणशील तर मरण तुझ्या मागच्या तिघांकडं बघून चौथा बी मागंल. थांब जरा. घाई करू नको."

दीड वाजला. मंजुळाबाईनं शेजारच्या माणसाकडून फोन लावून घेतला. घंटी वाजत राहिली. पावणेदोनला पुन्हा, तेच. अमृतरावांनी डबा खाल्ला, हात धुतले, आणि यांना चहा पाजला. चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगत होतं, शिरडच्या रस्त्यावर टिप्परखाली मोटरसायकल गेली, पोरगं हाय पंचविशीचं, लई बेकार लागलंय.

मंजुळाबाईच्या हातातला कप तसाच राहिला. ती ओरडली नाही, रडली नाही. कुणाचं म्हणून रडायचं? तोंडानं नाव घेतलं तर तिथंच ते खरं होईल, आणि नाही घेतलं तर तो असाच रस्त्यावर, बिनआईचा. त्या घडीला ती जेवढी घाबरली तेवढी तीन लेकरं पुरतानाही घाबरली नव्हती. तेव्हा निदान लेकरू मांडीवर होतं.

तीनला दहा कमी असताना शिवशंकर फाटकातून आत आला. चालत, धडधाकट. पण सदरा छातीपासून पोटापर्यंत रक्तानं भिजलेला होता.

"माझं न्हाई," त्यानं आधी तेच सांगितलं. "रस्त्यात एकजण पडला व्हता. माझ्या पुढंच चालला व्हता, शंभर पावलावर. मी नर्स हाय, सोडून कसं जाऊ? जीपात घालून दवाखान्यात नेलं. माझा हात सोडतच न्हवता." त्यानं खिशातून दाखला काढला, तो मात्र कोरडा होता. "पोचेपर्यंत गेला."

"कुणाचा व्हता?" मंजुळाबाईनं विचारलं.

"म्हाईत न्हाई. खिशात काहीच न्हवतं. ना फोन, ना आधार."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शिवशंकरला वाटलं, रक्त बघून घाबरल्या.

मॅडम परत आल्या होत्या. या वेळी मंजुळाबाईनं अडवलं नाही; अर्धवट सोडून जायची सोयच उरली नव्हती. तिनं सही केली. मॅडमनी नियमाप्रमाणे विचारलं, "बाई, हा तुमचा कोण?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. रक्तानं माखलेला तो पोरगा तिच्या शेजारी उभा होता, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मरणाचा वास त्याच्या अंगाला येत होता.

"माझं लेकरू," ती म्हणाली. मॅडमनाही ऐकू गेलं नाही, इतक्या हळू. त्यांनी पुन्हा विचारलं आणि तिला पुन्हा म्हणावं लागलं.

त्या मेलेल्या पोराला ओळखायला तीन दिवस कुणी आलं नाही. मंजुळाबाई रोज शिवशंकरला दवाखान्यात फोन लावायला लावायची. चौथ्या दिवशी पोलिसांनीच त्याचं क्रियाकर्म उरकलं. त्या दिवशी तिनं घरात चूल पेटवली नाही, आणि का नाही ते शिवशंकरला सांगितलं नाही. त्या पोराच्या मायमाउलीला, कुठं असेल तिथं, अजून पत्ताही नसेल, या विचारानं तिला अपराध्यासारखं वाटत राहिलं. आपल्या पोराचं मरण तिनं दुसरीच्या पदरात टाकलं होतं, एवढंच तिला कळत होतं.

ती भिकाबाईला म्हणाली, "ते आपल्यासाठी आलं व्हतं. चुकून त्याच्याकडं गेलं."

भिकाबाईनं मान डोलावली. "चुकून गेलेलं चूक ध्यानात आली का माघारी येतं. जपून राहा."

दुरुस्त दाखला पंधरा दिवसांत हातात आला. आईचं नाव, मंजुळाबाई संतराम कऱ्हाळे. शिवशंकरनं त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं. मुंबईला जाऊन व्हिसाचं काम झालं, तिकीट आलं. या दिवसांत मंजुळाबाई त्याला विहिरीकडे जाऊ देईना, गाडीवर बसू देईना. तो चिडायचा आणि मग हसण्यावारी न्यायचा. लवकरच जाणार आहे, म्हणायचा, एवढे दिवस काढ.

जायच्या सकाळी फाट्यावर जीप उभी होती. अर्धं गाव जमलं होतं. ज्या चौघांनी ग्रामपंचायतीत एकमेकांकडे बघितलं होतं तेही हार घेऊन आले होते. भिकाबाई तांड्यावरून नातवाच्या खांद्याला धरून आली आणि तिनं आणलेला नवा सदरा शिवशंकरनं तिथंच अंगात घातला. तो तिच्या पाया पडला. मग मंजुळाबाईच्या पाया पडला, आणि उठून उभा राहिला.

त्यानं मनात काहीतरी ठरवून ठेवलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सरकारनं लिहून दिलं होतं, शिक्का मारला होता. आता कुणाच्या बापाला घाबरायचं?

"आई," तो सगळ्यांसमोर, मोकळ्या आवाजात म्हणाला. "आई, येतो मी."

जमलेल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले. मंजुळाबाईचे दोन्ही हात आपोआप वर आले. हा एक शब्द ऐकायला ती किती तरसली होती ते तिचं तिला माहीत. त्या हाकेला नुसतं 'ओ' म्हणायचं होतं.

पण रस्ता मोकळा होता, चारी दिशा उघड्या होत्या, आणि त्या दिवशी रस्त्यावर चुकलेलं मरण अजून विचारत फिरत असेल की मंजुळाबाईचं लेकरू कोणतं.

तिनं हात खाली घेतले आणि भिकाबाईकडे तोंड केलं.

"भिके, ओ दे की," ती जीपवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. "तुझं पोरगं कवाचं हाक मारून राहिलं."

शिवशंकरचा चेहरा उतरला. भिकाबाई पुढं झाली. "ओ, बाळा," ती म्हणाली. "जा. सांभाळून जा."

तो जीपमध्ये बसला. काचेतून तो मंजुळाबाईकडेच बघत होता, आणि मंजुळाबाई, शेजारणीच्या पोराला पोचवायला आलेल्या बाईसारखी, बाजूच्या बाईला हळदीचा भाव विचारत उभी होती. जीप वळणाआड गेली तरी तिनं तिकडं मान वळवली नाही.